खोललेले इंजिन आणि थांबलेले पाणी



इंजिन बंद पडायला मुहूर्त लागत नाही. पण ते बंद पडते मात्र नेमके पाण्याच्या पाळीला. महिनाभर शेडमध्ये उभे असते तेव्हा त्याला काही होत नाही. गहू २१ दिवसांचा झाला, मुकुटमुळे फुटायची वेळ आली, विहिरीत पाणी आहे, विजेचा भरवसा नाही, म्हणून तुम्ही डिझेल भरून हँडल मारायला जाता आणि इंजिन नुसते फुसफुसते. दहा वेळा हँडल मारून खांदा भरून येतो. मग घरातलेच कुणीतरी म्हणते, "आणा रे तो पान्यांचा डबा, खोलून बघू!"

इथून पुढे जे रामायण घडते ते तुम्हा-आम्हाला नवे नाही. सकाळी सुरू केलेले काम दुपारी उरकेल म्हणता म्हणता तीन दिवस चालते. ओट्यावर पोते, पोत्यावर नट-बोल्ट, कोंबड्या त्यातून फिरताहेत, पोरे वायसर घेऊन खेळताहेत, आणि तिकडे गव्हाचे वाफे तडकताहेत. घरातली माणसे एकमेकांशी नीट बोलत नाहीत. शेवटी फिटरला बोलवावेच लागते, आणि तो पहिला प्रश्न विचारतो, "कुणी खोललं हो हे?"

आज याच विषयावर चार गोष्टी बोलायच्या आहेत. कुणी म्हणेल, इंजिनाला हात लावू नका एवढेच तुम्ही सांगणार. तसे नाही. शेतकऱ्याला आपले इंजिन दुरुस्त करता आलेच पाहिजे. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी: बिघडलेले इंजिन जेवढे महाग पडत नाही, तेवढे अर्धवट खोललेले इंजिन महाग पडते.

घरी का खोलतो?

शहरातल्या माणसाला वाटते, शेतकरी चार पैसे वाचवायला हे करतो. पैसे वाचवणे हे एक कारण आहेच, पण तेवढेच नाही. तालुक्याचे गाव वीस-पंचवीस किलोमीटर. फिटर एक आणि गावे वीस. तो म्हणतो "उद्या येतो", आणि त्याचा उद्या कधी उजाडेल ते त्यालाही माहीत नसते. हंगामात त्याच्या दारात आधीच चार ट्रॅक्टर उभे असतात. पिकाला उद्या कळत नाही. म्हणून माणूस पाना हातात घेतो.

दुसरे असे की आपल्या लोकांच्या हातात कसब आहे. नांगर, पाभर, मोट यांची जोडणी करत आलेली ही माणसे. पूर्वी सावकाश फिरणारी जड चाकांची इंजिने होती, मिनिटाला साडेसहाशे फेऱ्यांची. ती लोकांनी बांधावर खोलली, बांधावर जोडली आणि वर्षानुवर्षे चालवली. पुढे १५०० फेऱ्यांची हलकी पाच अश्वशक्तीची इंजिने आली, मग ट्रॅक्टर आले, आता दारात पिकअप गाड्या आहेत. २०१९ साली केंद्राची कुसुम योजना आल्यापासून सौर पंपही वाढले. तरी अडचणीच्या वेळी उपयोगी पडणारे डिझेल इंजिन अजून गावोगाव आहे. जुने कसब कामाचे आहे, फक्त नवे इंजिन जुन्याएवढी ढिलाई खपवून घेत नाही. एवढा फरक समजला तर निम्मा मनस्ताप टळेल.

पहिला मनस्ताप: नट निघत नाही

काम सुरू होते आणि पहिल्याच नटाला अडते. गंज चढलेला असतो. आपण पाना लावतो, पान्याच्या मागे पाईप घालतो, दोघे मिळून जोर लावतो. मग एक तर नटाचे कोपरे गोल होतात, नाहीतर बोल्ट मधूनच तुटतो. तुटलेला बोल्ट काढायला लेथवाल्याकडे जावे लागते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो असा.

नट गोल का होतो? बहुतेक वेळा पाना चुकीचा असतो. जुन्या बनावटीच्या काही ट्रॅक्टरना इंची मापाचे नट असतात आणि आपल्या डब्यात पाने असतात मिलिमीटरचे. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, तिथे १९ चा पाना बरोबर बसतो. म्हणून आपल्याला वाटते सगळीकडेच चालेल. पण अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३ चा पाना थोडा ढिला बसतो, जोर लावला की घसरतो आणि कोपरे खातो. वर बोटांची सालटी निघतात ती वेगळीच.

म्हणून घट्ट नटाला उघड्या तोंडाचा पाना लावू नका, रिंग पाना लावा. गंजलेल्या नटावर आदल्या रात्री डिझेल सोडून ठेवा. सकाळी हातोडीने हलके ठोके द्या आणि मग फिरवा. रात्रभर थांबायला मन तयार होत नाही, हे खरे. पण बोल्ट तुटला तर दोन दिवस थांबावे लागते.

खोलण्याआधी इंजिनाला विचारा

खरी चूक पान्याची नसते, घाईची असते. आजार कळायच्या आधीच आपण ऑपरेशनला बसतो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे असे इंजिन १८९७ साली यशस्वी चालले, त्यामागचे तत्त्व आजही तेच आहे. पिस्टन हवा दाबतो. आपल्या पंपाच्या इंजिनात ती सोळाव्या हिश्श्याच्या आसपास दाबली जाते. दाबलेली हवा इतकी तापते की त्यात नोझलने मारलेले डिझेल आपोआप पेटते. म्हणजे इंजिनाला तीन गोष्टी लागतात: हवा, डिझेल आणि दाब. तिन्हीपैकी काय कमी आहे ते आधी शोधा, मग पाना उचला.

हवा: एअर क्लीनर मळणीच्या भुशाने, धुळीने बसलेला नाही ना? काळा धूर येत असेल तर एक तर हवा कमी पडते, नाहीतर इंजिनावर भार जास्त आहे, नाहीतर नोझल डिझेल नीट फवारत नाही.

डिझेल: टाकी रिकामी होऊन इंजिन बंद पडले असेल तर लाईनमध्ये हवा शिरते. फिटर म्हणतात "इंजिनानं एअर धरली." टाकी भरून ही हवा काढली तर इंजिन चालू होते, काहीही खोलावे लागत नाही. फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू ढिला करा. बुडबुडे थांबून डिझेलची अखंड धार आली की घट्ट करा. मग फ्युएल पंपावरचा स्क्रू तसाच. शेवटी नोझलकडच्या पाईपचा नट थोडा ढिला करून हाताने इंजिन फिरवा, डिझेल आले की नट आवळा. पंधरा मिनिटांचे काम आहे. हे मात्र जुन्या पद्धतीच्या इंजिनाला. नव्या गाड्यांचे पुढे सांगतो.

दाब: हँडल फिरवताना इंजिन हाताला विरोध करत नसेल, भसाभसा फिरत असेल, तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत, रिंगा गेल्या आहेत किंवा हेडचे पॅकिंग उडाले आहे. निळसर धूर म्हणजे ऑईल जळते आहे. पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळता बाहेर पडते आहे किंवा पाणी आत जाते आहे. ऑईलची दांडी काढून बघा. ऑईल चहासारखे दुधाळ झाले असेल तर त्यात पाणी मिसळले आहे, ते इंजिन चालवूच नका.

आमच्या भागातल्या एका वाडीवरची गोष्ट. इंजिन चालू व्हायचे, अर्धा तास छान चालायचे आणि बंद पडायचे. पंधरा मिनिटांनी पुन्हा चालू. घरच्यांनी नोझल बदलले. मग पंपाचा एलिमेंट बदलला. तरी तेच. तिसऱ्या दिवशी हेड काढून ठेवले. फिटर आला, त्याने सगळे विचारून घेतले आणि टाकीचे झाकण हातात घेतले. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असते, ते कुंभारीण माशीने मातीने लिंपून टाकलेले! आत हवा जाईना, म्हणून थोडे डिझेल वापरले गेले की पुढे उतरेना. फिटरने काडीने भोक मोकळे केले. पण हेड काढलेले होते, म्हणून नवे पॅकिंग आणावे लागले आणि आणखी एक दिवस गेला. भोकाचे काम एका काडीचे होते. खर्च झाला तो खोलण्याचा.

म्हणून सोपे ते आधी, अवघड ते शेवटी. टाकी, झाकण, नळी, फिल्टर, एअर क्लीनर, ऑईल, पाणी. ही सात ठिकाणे बघितल्याशिवाय हेडच्या नटाला पाना लावायचा नाही, असा घरात नियमच करून टाका.

खोलायचेच ठरले तर

काही वेळा खोलणे भागच असते. मग ते नीट करावे.

जागा स्वच्छ आणि बंदिस्त हवी. अंगणात वाऱ्याने माती येते, आणि बेअरिंगमध्ये गेलेला वाळूचा एक कण क्रँकवर ओरखडा पाडतो. पोत्यापेक्षा धुतलेले जुने धोतर किंवा चादर बरी, पोत्याचे तंतू सुटतात. नट-बोल्ट एकाच पाटीत टाकू नका. हेडचे एका डब्यात, पंपाचे दुसऱ्यात, डब्यावर खडूने नाव. मोबाईल आता घरोघर आहे. खोलताना प्रत्येक टप्प्याला फोटो काढा. जोडताना "हे असं होतं की तसं?" यावरून बाप-लेकात होणारी भांडणे त्याने वाचतात. भाग धुवायला डिझेल वापरा, पेट्रोल नको. चूल, विडी, सिगारेट लांब ठेवा.

आता ज्या चार ठिकाणी घरची जोडणी हमखास फसते ती सांगतो.

एक, फ्युएल पंपाखालच्या शिम. पंप जिथे बसतो तिथे पातळ पत्र्याच्या चकत्या असतात. "दोन होत्या की तीन?" असे म्हणत आपण एखादी कमी-जास्त करतो. पण त्या चकत्यांवरच डिझेल कधी फवारायचे ती वेळ ठरलेली असते. एक चकती हरवली की इंजिन ठोकायला लागते किंवा धूर काढते, आणि दोष मात्र नव्या नोझलला दिला जातो.

दोन, टॅपेटची फट. हॅक्सॉच्या पात्याचा तुकडा घालून टॅपेट बसवणारे लोक मी पाहिले आहेत. ते पाते साधारण ०.६ मिलिमीटर जाड असते, टॅपेटला त्याहून बरीच कमी फट लागते. फट जास्त झाली की टकटक आवाज येतो आणि व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही. कमी झाली की व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि जळतो. फिलर गेज ही पात्यांची लहानशी जुडी मिळते, तीच वापरा. माप इंजिनाच्या पुस्तकात असते. इंजिन थंड असताना आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद, पिस्टन दाबाच्या फेरीत अगदी वर असताना फट बघावी. इंजिनाच्या पुस्तकात वेगळे काही सांगितले असेल तर तसे करावे.

तीन, पिस्टनच्या रिंगा. रिंगांची तोंडे एका रेषेत आली तर दाब तिथूनच निसटतो. दाबाच्या तीन रिंगा असतील तर तोंडे वर्तुळाच्या तीन भागांत फिरवून ठेवा. रिंगेवर वरच्या बाजूची खूण असते, ती वरच आली पाहिजे.

चार, हेडचे पॅकिंग आणि नटांचा आवळ. एकदा दाबले गेलेले पॅकिंग पुन्हा चालत नाही. "अजून चांगलं आहे, टाका" असे म्हणाल तर आठ दिवसांनी पुन्हा हेच काम. नट एकदम एकेक करून पूर्ण आवळू नका. समोरासमोरचे, तिरपे, तीन फेऱ्यांत थोडे थोडे आवळा. शेवटचा आवळ टॉर्क पान्याने, पुस्तकात दिला आहे तेवढाच. अंदाजाने आवळले की कुणाचा हात हलका, कुणाचा भारी. हलक्या हाताला पॅकिंग गळते, भारी हाताला स्टडचे आटे जातात.

आणि जोडून झाल्यावर दोन वायसर आणि एक नट उरला, तर "जास्तीचा असेल" म्हणून खिशात टाकू नका. इंजिनात जास्तीचे काही नसते.

इथे हद्द संपते

काही कामे घरची नाहीत, ती कितीही कसबी माणसाच्या घरची नाहीत. नोझलची तपासणी, पंपाचा एलिमेंट, लायनरचे बोअरिंग, क्रँकचे ग्राइंडिंग. याला यंत्र लागते. पंपवाल्याच्या दुकानात नोझल तपासायचे यंत्र असते, त्यावर किती दाबाला डिझेल सुटते ते कळते.

पंपाच्या इंजिनात हा दाब साधारण २०० किलोच्या आसपास असतो. तुमच्या मोटारसायकलच्या चाकात दोन-सव्वादोन किलो हवा असते, त्यावरून अंदाज करा. नोझल बाहेर काढून "फवारा येतो का बघू" म्हणून समोर बोट धरू नका. तो फवारा कातडीत घुसतो. वरून टोचल्यासारखे दिसते, पण आत डिझेल पसरते आणि बोट, कधी हातही काढायची वेळ येते. असे झाले तर हळद लावून घरी बसू नका, त्याच तासाला दवाखाना गाठा आणि डिझेल आत गेले आहे असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

हँडल मारताना अंगठा बाकी बोटांच्याच बाजूला ठेवा, दांड्याला विळखा घालू नका. इंजिन उलटे फिरले तर मनगट वाचेल.

तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नका.

सगळ्यात मोठी गोष्ट. दुरुस्तीनंतर चाचणी बंद शेडमध्ये घेऊ नका, आणि पाणी खाली गेले म्हणून इंजिन विहिरीत उतरवून चालवू नका. पंप पाणी ओढतो ते साधारण २०-२२ फुटांवरूनच, म्हणून लोक इंजिन खाली नेतात. पण धुराड्यातून येणाऱ्या एका विषारी वायूला रंग नाही, वास नाही. खाली उतरलेला माणूस बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो. एका घरातली दोन-तीन माणसे अशाने जातात. कुणी पडले तर मागोमाग उतरू नका. इंजिन बंद करा, माणसे गोळा करा, अग्निशमन दलाला आणि पोलिसांना कळवा.

दारातल्या नव्या गाडीचे काय?

पंपाचे इंजिन आपण खोलतो, मग पिकअप का नाही, असे तरुण मुले विचारतात. उत्तर असे की १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ गाड्या विकल्या जातात. त्यांच्या डिझेल इंजिनात दाब दीड हजार किलोच्याही पुढे जातो, आणि डिझेल किती, कधी फवारायचे ते कॉम्प्युटर ठरवतो. जुन्या इंजिनासारखा पाईपचा नट ढिला करून हवा काढायला गेलात तर जिवाशी खेळ आहे. बिघाडही नुसत्या कानाने कळत नाही, स्कॅनर लावावा लागतो. ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरना २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाले आहेत, त्यामुळे त्यांच्याकडेही हीच पद्धत आली.

अशा गाडीला घरी काय करावे? ऑईल आणि कूलंटची पातळी बघावी, एअर फिल्टर झटकावा, फिल्टरखालचे पाणी सोडावे, बॅटरीची टोके साफ करावीत, पट्टा तपासावा. बस्स. वॉरंटीत असेल तर त्याच्या पुढे पाना लावू नये.

आणि एक खास सूचना. काही गाड्यांना डीईएफ नावाचे द्रव वेगळ्या टाकीत लागते. त्यात ३२.५ टक्के युरिया असतो, हे ऐकून काही जण पोत्यातला युरिया पाण्यात विरघळवून ओततात. कृपा करून असे करू नका. ते द्रव शुद्ध युरिया आणि क्षार काढलेले पाणी यांचे असते. खताचा युरिया आणि विहिरीचे पाणी यांनी आतली महागडी यंत्रणा बसते. पोत्यातला युरिया पिकालाच घाला.

दुकानातला मनस्ताप

निम्मा वैताग इंजिनाचा नसतो, स्पेअर पार्टच्या दुकानाचा असतो. एक खेप पॅकिंगसाठी, दुसरी खेप "ते नव्हे, दुसरं मॉडेल" म्हणून, तिसरी वायसरसाठी. पेट्रोलचा खर्च पार्टपेक्षा जास्त. म्हणून जाताना तीन गोष्टी सोबत न्या: इंजिनाचा नंबर आणि मॉडेल पाटीवरून लिहून, जुना भाग पिशवीत घालून, आणि लागणाऱ्या सगळ्या वस्तूंची यादी करून. हेड काढले आहे तर पॅकिंग, ऑईल, फिल्टर एकाच खेपेत आणा.

नकली माल बाजारात आहे. खोके तेच दिसते. पक्के बिल मागा. बिल देत नसेल तर तो माल घेऊ नका. नकली रिंगा एक हंगाम काढत नाहीत आणि मग आपल्याला वाटते, आपल्या हातालाच गुण नाही.

फिटरशीही मोकळेपणाने बोला. "आम्ही हात लावलाच नाही" असे सांगितले की तो पहिल्यापासून शोधत बसतो, आणि त्याचा वेळ म्हणजे तुमचे पैसे. काय खोलले, काय बदलले, शिम किती होत्या, सरळ सांगा. तो दोन शब्द बोलेल, बोलू द्या.

सरपंच आणि सोसायटीच्या चेअरमनसाठी

टॉर्क पाना, फिलर गेज, इंची आणि मिलिमीटरचे रिंग पाने, पुलर. एकेका शेतकऱ्याला हे घेणे परवडत नाही आणि वर्षातून दोनदाच लागते. पण गावासाठी एक पेटी सोसायटीत किंवा गटाच्या अवजारे बँकेत ठेवली तर सगळ्यांचे काम होईल. वहीत नोंद, अनामत रक्कम, एक जबाबदार माणूस. एवढे केले तर पेटी टिकते.

गावात आयटीआयचा मेकॅनिक डिझेल किंवा मेकॅनिक ट्रॅक्टर हा कोर्स केलेला एखादा मुलगा असतोच. तो शहरात नोकरी शोधत फिरतो आणि गावात इंजिने उघडी पडतात. हंगामापुरते त्याला ठरवून घ्या. ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्याला डिझेल इंजिन किंवा जनरेटर असेल तर त्याची वही ठेवा. किती तास चालले, ऑईल कधी बदलले, कुणी हात लावला. गावाचे इंजिन म्हणजे कुणाचेच नाही अशी गत होते, आणि उन्हाळ्यात बायाबापड्यांना हंडे घेऊन फिरावे लागते.

शेवटचे पण महत्त्वाचे

पाना उचलण्याआधी घड्याळ बघा आणि एक वेळ ठरवा. "आज संध्याकाळपर्यंत चालू झाले नाही, तर उद्या सकाळी शेजाऱ्याचे इंजिन भाड्याने आणायचे." हे आधी ठरवले तर कमीपणा वाटत नाही. अर्धे काम झाल्यावर ठरवायला गेलात तर हट्ट आडवा येतो. गव्हाची मुकुटमुळांची अवस्था १८ ते २१ दिवसांची. तेव्हा चुकलेले पाणी पुढे कितीही दिले तरी फुटवे परत येत नाहीत. इंजिन आठ दिवसांनी दुरुस्त झाले तरी चालते, पीक आठ दिवस थांबत नाही. म्हणून आधी पाणी, मग इंजिन.

आणि हे सगळे टाळायचे असेल तर रब्बीच्या पेरणीआधी एक दिवस काढा. ऑईल आणि फिल्टर बदला, एअर क्लीनर धुवा, टाकी तळापासून साफ करा, झाकणाचे भोक बघा, इंजिन मोकळ्या हवेत अर्धा तास चालवा. काही बिघाड असेलच तर त्या दिवशी कळेल. तेव्हा फिटरही मोकळा असतो, दुकानात गर्दी नसते आणि पिकाची घाई नसते. त्या दिवशी खुशाल खोला, घरातल्या मुला-मुलींना शेजारी बसवून शिकवा. कसब हातात उतरते ते अशा निवांत दिवशीच, पाण्याच्या पाळीच्या रात्री नाही.